पोटरीवरचा अंगठा

धुडकू आबा पहिल्या भेटीत माणसाच्या पायाशी वाकत. समोरचा ओशाळून मागे सरे, "अहो आबा, हे काय, तुम्ही वडीलधारे," असं काहीतरी पुटपुटे, आणि तेवढ्यात आबांचा अंगठा त्याच्या पोटरीत रुतलेला असे. अंगठा एकदा दाबायचा, एकदा वर सरकवायचा, चार बोटांनी स्नायू जरासा ओढून बघायचा. मग गुडघ्यावर हात टेकून उठायचं आणि आकडा सांगायचा.

मला त्यांनी सांगितलेला आकडा होता अठरा.

मी गिरणीच्या स्टोअरमध्ये नव्यानेच लागलो होतो. अठरा म्हणजे चांगलं की वाईट, कळेना. शेजारी उभा असलेला बोरसे जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, खो खो हसला. आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गादीमा भराले चाली." गादीत भरायला चालेल.

धुळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमची सहकारी सूतगिरणी होती. आबा तिथे कापसाचे ग्रेडर. दारात गाठींचा ट्रक आला की ते गाठीच्या पोटातून मूठभर रुई ओढून काढत. मग तिचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, जुळवायचा, पुन्हा ओढायचा. शेवटी एक बारीक चकचकीत पट्टी उरे. ती डाव्या बाहीवर ठेवून ते धाग्याची लांबी सांगत. त्यासाठी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या डाव्या बाहीवर काळ्या कापडाचं ठिगळ शिवलेलं असे. पांढरा धागा काळ्यावर उठून दिसतो, एवढं साधं कारण. पण ठिगळ घरच्या सदऱ्यावर होतं, लग्नाच्या सदऱ्यावर होतं, आणि झेंडावंदनाच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरही होतं. धाग्याची लांबी अठरा मिलिमीटर म्हणजे आखूड. बावीस-चोवीस म्हणजे बरा. तीसच्या पुढे गेला तर आबा टोपी काढून डोकं खाजवत. त्यांच्या दृष्टीने तो आदर होता.

कापूस बघता बघता कधीतरी त्यांनी माणसांना हीच मोजणी लावली. पुतणीच्या लग्नात नवरदेव पाटावर बसायच्या आधीच त्यांनी त्याची पोटरी दाबली आणि मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "पोरगा बावीस शे. बाप अठरा." व्याही जेवायला बसेना. शेवटी आबांच्या भावाने हात जोडले, "आबा, चोवीस तरी म्हणा. लग्नघर आहे." आबांनी मान हलवली. "एकदाव बोलनू म्हंजे बोलनू." एकदा बोललो म्हणजे बोललो. व्याही उपाशी गेला. आकडा बदलला नाही.

हे वाक्य त्यांचं कुळदैवत होतं. सेंधव्याच्या एका दलालाने एकदा आबांनी नापास केलेल्या गाठीचा नमुना मुंबईहून तपासून आणला. कागदावर आबांच्यापेक्षा जास्त लांबी होती. दलाल कागद नाचवत होता. आबांनी कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, "मुंबईनी हवा दमट शे. तठे माणूसबी फुगस." गाठी परत गेल्या. दारावरचे दलाल आबांना मनातून शिव्या देत, पण आबांच्या आकड्यावर कोणी घासाघीस करत नसे. तो आकडा बदलत नाही एवढी एकच गोष्ट त्या दारात पक्की होती, आणि आबा त्या एका गोष्टीवर जगत होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गिरणीच्या मागच्या एका खोलीत ते, एक स्टोव्ह आणि दांडीवर वाळणारे काळ्या ठिगळाचे सदरे.

आता फुटबॉलचं सांगतो.

आमच्या चेअरमनसाहेबांना कुठूनतरी फुटबॉलचं वेड लागलं. आसपासच्या कारखान्यांच्या टीम होत्या, आपली का नाही? मला फर्मान आलं: चेंडू, पंप, बूट, जाळ्या. मी यादी केली, माल मागवला. बूट आले ते दोनच मापांचे. ज्यांचे पाय त्या मापांत बसले नाहीत त्यांनी पुढे कापसाचा बोळा कोंबला किंवा टाच कापली. स्टोअरकीपर म्हणून टीमच्या भवितव्याबद्दलचं माझं मत तेव्हाच तयार झालं होतं, पण ते कोणी विचारलं नाही.

खेळाडू कुठून आणायचे? चेअरमनसाहेबांनी आबांना बोलावलं. "आबा, तुम्ही पोटऱ्या बघता म्हणे. बदलीच्या रांगेतून चांगली पोरं काढा."

बदलीची रांग म्हणजे रोज सकाळी गेटवर उभी राहणारी कच्ची पोरं. कोणी कामावर आला नाही तर त्याच्या जागी एका दिवसाचं काम मिळायचं. आबा त्या रांगेच्या एका टोकाला वाकले आणि दुसऱ्या टोकापर्यंत वाकलेलेच गेले. पोरं गुदगुल्यांनी हसत होती, वॉचमन हसत होता, हसत नव्हते ते फक्त आबा. "चोवीस. इकडं हुभा ऱ्हाय. एकोणीस, घर जाय. सव्वीस!" असं करत त्यांनी टीम काढली. सगळ्यात वरचा आकडा मिळाला दिलीप कोळीला. तापीकाठचा उंच, सावळा पोरगा. आबांनी त्याच्यासमोर टोपी काढून डोकं खाजवलं होतं. तो कॅप्टन झाला. चेअरमनसाहेबांनी पोरांना शब्द दिला, "जिंकून दाखवा, सगळ्यांना कायम करतो."

शिकवायला आले वाघमारे मास्तर. बोदवडकडचे, शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी रेल्वेच्या वसाहतीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळले होते. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, बोलणं हळू. शिकवण्याच्या मोबदल्यात त्यांना गिरणीचं एक क्वार्टर मिळालं. गावचं घर भावांच्या वाटणीत गेलेलं, त्यामुळे ते क्वार्टर म्हणजेच त्यांचं आणि काकूंचं घर. काकूंनी दारात लगेच तुळस आणि मिरचीची चार रोपं लावली.

अशी ही व्यवस्था. निवड आबांची, शिकवणी मास्तरांची, बूट माझे. आणि आम्ही हरायला सुरुवात केली.

आम्ही साखर कारखान्याकडून हरलो, तेलाच्या गिरणीकडून हरलो, दुसऱ्या सूतगिरणीकडून तर त्यांच्याच माणसांनी आम्हाला चहा पाजावा इतके हरलो. एकदा समोरच्या टीमचा गोलकीपर आमच्या गोलकीपरशी गप्पा मारायला पार इकडे येऊन उभा होता, तरी आम्हाला गोल करता आला नाही.

कँटीनमध्ये त्यावरून दोन पक्ष पडले. एक धागा पार्टी. तिचं म्हणणं, मुळात रुईच आखूड असेल तर यंत्र काय करणार? पोरांत उपजत काही नाही. दुसरी पीळ पार्टी. तिचा पुढारी बोरसे जॉबर. "अरे, आखूड धाग्यालाही पीळ नीट दिला तर सूत तुटत नाही. मी आयुष्यभर तेच करतोय. पोरांचं काय चुकलं? मास्तरांना पीळ देता येत नाही!"

धागा पार्टीचे पुढारी अर्थातच आबा. बशीत ओतलेला चहा तसाच निवत राही.

"बोरसे, तुले काय समजस? रुई आखूड व्हई ते चाती काय करी?"

"मग आबा, ही रुई निवडली कोणी?"

"जे व्हतं त्यामातून निवडी. रांगमा तू हुभा ऱ्हायता ते तुले निवडतू का?"

"मला किती दिले असते?"

"तू सरकी शे."

कँटीन फुटायची. बोरसे सगळ्यात मोठ्याने हसायचा. सामना रविवारी असे, पण हे भांडण सोमवारी सुरू होऊन शनिवारपर्यंत पुरे. आबांच्या अंगात त्या आठवड्यात तेज असे. आम्ही एकदा चुकून बरोबरी केली, तर त्या आठवड्यात त्यांचं कशातच लक्ष लागेना.

मी हिशेबी माणूस. कोण कुठे काय बोलतो ते माझ्या लक्षात राहतं. त्यामुळे जे मला दिसलं ते बाकीच्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका रविवारी आम्ही घरच्या मैदानावर सपाटून हरलो. मी चेंडू आणि जाळ्या मोजून घ्यायला थांबलो होतो. मास्तर हातपंपावर तोंड धूत होते. धूत कसले, ओंजळीत पाणी घेऊन नुसते उभे होते. आबा पंप हापसत होते.

"मास्तर, तुमी काय करशात?" आबा म्हणाले. "पोरेस्मा दमच नही शे. तुम्हनं शिकाडनं सोनं शे, सोनं. पन ओतशात कसामा?"

"मी कुठंतरी कमी पडतोय, आबा."

"काही कमी नही. मी ग्रेडर शे ना? मी सांगस ना?"

मास्तरांनी अखेर ते पाणी तोंडावर मारलं.

मी जाळ्या घेऊन सायकल स्टँडकडे वळलो. पोरं तिथे बसली होती. दिलीप बूट काढून टाचेवरचा फोड बघत होता. मी जाळ्यांच्या गाठी सोडवतोय तोवर आबा तिकडे पोचले.

"काय रे, तोंड पाडीसन का बठी ग्यात?"

"आबा, आम्हाला जमत नाही," दिलीप म्हणाला.

"तुम्हना पायमा काहीच कमी नही. मी अंगठा लावेल शे. मास्तरले शिकाडताच येत नही, त्याले तुमी काय करशात? ऊठ. पाय धू."

दिलीप हसला. पोरं उठली. त्यांना तसंच पाळीवर जायचं होतं.

मला हे पटलं नाही. मी आबांना गाठून म्हणालो, "आबा, एकच सामना, आणि दोन कारणं? मास्तरांना एक सांगता, पोरांना दुसरं. लोक दुतोंडी म्हणतील."

आबांनी बाही झटकली. "जेले जे लागस ते देवो. तू स्टोअरमा काय करस? बेल्ट मांगनारले बॉबिन देस का?"

मी जाळ्या खांद्यावर टाकल्या. ते खोलीकडे निघून गेले. खोलीत अंधार होता, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे कोणी पंप हापसायला आलं नव्हतं.

पुढच्या हंगामातही आम्ही हरलो. मग चेअरमनसाहेबांच्या ऑफिसातून बोलावणं आलं. मास्तर, कॅप्टन दिलीप, आबा, बोरसे जॉबर आणि सामानापुरता मी. साहेबांच्या टेबलाच्या अलीकडे एक लांब बाक होता. आबा मध्ये बसले, एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला दिलीप. आबांच्या अंगावर झेंडावंदनाचा सदरा होता.

साहेब म्हणाले, "संचालक मंडळ मला विचारतंय, हे कशासाठी चालवता? मला त्यांना कारण द्यायचंय. एकच कारण द्या. शिकवणारा बरोबर नसेल तर दुसरा आणू, मास्तर क्वार्टर मोकळं करतील. पोरं बरोबर नसतील तर ही काढून दुसरी भरू. तुम्हीच ठरवा काय ते."

खोलीत पंख्याचा आवाज होता. मास्तर आपल्या शिट्टीकडे बघत होते.

मी म्हणालो, "साहेब, पोरं रात्रपाळी संपवून सामन्याला उभी राहतात. आणि बूट दोनच मापांचे आहेत."

"मग काय, फुटबॉलसाठी गिरणी बंद ठेवू?" साहेब म्हणाले. "तुम्ही जाळ्या-बिळ्यांचं काय ते सांगा."

माझं काम संपलं. साहेबांनी मास्तरांकडे बघितलं.

मास्तर स्वभावाने कोणावर ढकलणारे नव्हते. पण घर पायाखालून जात होतं. ते खाली बघत म्हणाले, "मी जमेल तेवढं शिकवलंय, साहेब. आबा जाणकार आहेत. ते स्वतःच मला प्रत्येक वेळी म्हणतात, की पोरांत मुळात दम नाही."

दिलीपने झटकन मान वर केली. "आबा? आबा आम्हाला तर म्हणतात, तुमच्या पायांत काही कमी नाही, मास्तरांनाच शिकवता येत नाही!"

बोरसेने हसायला तोंड उघडलं आणि मिटलं.

मास्तरांनी आबांकडे बघितलं. दिलीपनेही बघितलं. बाक तेवढाच होता, पण मला तिघांमधली जागा एकदम वाढल्यासारखी वाटली. आबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. डाव्या बाहीवरच्या काळ्या ठिगळावरून त्यांचा अंगठा वर-खाली फिरत होता. तिथे धागा नव्हता.

"आबा," साहेब म्हणाले, "काय प्रकार आहे हा? यातलं खरं कोणतं?"

आबा उठून उभे राहिले. त्यांना साहेबांसमोर उभं राहून बोलताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"साहेब, मास्तरनं काही चुकनं नही. पोरेसनं बी नही. पोरे मी निवडात. अंगठा मन्हा व्हता. मन्ही ग्रेड चुकनी."

बोरसे माझ्या शेजारी बसला होता. तो माझ्या कानात म्हणाला, "हा म्हातारा काय बोलून बसला?"

माझ्याही मनात तेच होतं. लग्नात व्याही उपाशी गेला तरी जो आकडा चोवीस झाला नाही, मुंबईचा कागद आला तरी जो हलला नाही, तो त्या माणसाने भर ऑफिसात स्वतःच्या तोंडाने खोटा ठरवला होता. आणि साहेबांना हवं होतं ते मिळालं होतं: एक कारण.

"असं स्पष्ट सांगायचं ना आधी," साहेब म्हणाले, आणि लिहून घेतलं.

मास्तरांचं क्वार्टर राहिलं. पोरं बदलीच्या रांगेत का होईना, पण राहिली. साहेबांनी निवडीचं काम आबांकडून काढून घेतलं, एवढीच कारवाई. बाहेर आल्यावर आबा जिन्यात थांबले, बहुतेक दोघांपैकी कोणीतरी काही बोलेल म्हणून. मास्तर शिट्टी खिशात घालून पुढे गेले. आपल्याला इतके दिवस मिळालेला धीर पलीकडेही वाटला जात होता, आणि तो आपल्याच नावाने शिव्या देऊन, हे त्यांना लागलं होतं. दिलीपला दुसरंच लागलं होतं. ज्याच्यासमोर टोपी काढली, त्यालाच आबांनी सगळ्यांदेखत चुकलेला माल म्हटलं होतं. तो जिने दोन-दोन उतरत गेला.

आबा मला म्हणाले, "चाल भाऊ, तुन्ह्या जाळ्या मोजानी शेत ना?"

बातमी त्याच दिवशी गेटबाहेर गेली. पुढच्या ट्रकबरोबर सेंधव्याचा तोच दलाल आला. आबांनी रुई ओढली, बाहीवर ठेवली, आकडा सांगितला. दलाल गोड हसून म्हणाला, "आबा, फिर से देख लो. आजकल आपकी ग्रेड चुकती है ना?" दारावरचे हमाल हसले. आबांनी धागा पुन्हा बघितला नाही, फुंकर मारून उडवला. पण त्या दिवसापासून प्रत्येक आकड्यावर घासाघीस सुरू झाली. काही महिन्यांनी एक तरुण ग्रेडर आला, मोजायचं यंत्र आलं, आणि आबांची बदली झाली वेस्ट गोडाऊनला. तिथे यंत्राखाली पडलेली झाडलोट जमा होई. तिची ग्रेड काढायची नसते, नुसती पोती भरायची असतात.

कँटीनमधलं भांडणही बंद पडलं. कारण सापडलं होतं, मग बोलणार काय? एक-दोनदा बोरसेने मुद्दाम खडा टाकून पाहिला. "आबा, कालचा सामना बघितला? म्हणून म्हणतो, पीळ!"

आबा बशीतला चहा पिऊन टाकत आणि म्हणत, "व्हई."

बोरसे मला एकदा हिरमुसून म्हणाला, "अरे, हा हो म्हणायला लागला तर मी भांडू कोणाशी?"

सामन्यांना मात्र आबा येत. पूर्वी ते मास्तरांच्या खुर्चीजवळ उभे असत. आता ते पार पलीकडे, गोलच्या मागे, बाभळीखाली बसत. हरल्यावर उठून एकटेच जात. एका रविवारी मी त्यांना हातपंपापर्यंत जाताना बघितलं. मास्तर तिथे तोंड धूत होते, पंप काकू हापसत होत्या. आबा थोडा वेळ थांबले आणि परत फिरले.

काही वर्षांनी गिरणीच बंद पडली. कायम झालेले आणि बदलीतले सगळे एकाच फाटकातून बाहेर पडलो. मी जळगावला एका पाइपच्या कारखान्यात स्टोअरला लागलो. मास्तर बोदवडला भावांच्या ओसरीवर गेले आणि दोनेक वर्षांत वारले. मला ते उशिरा कळलं. दिलीपला नरडाण्याच्या एका कारखान्यात काम लागलं. आबा त्यांच्या गावी गेले. ते गावही नरडाण्याहून फार लांब नाही.

मागच्या उन्हाळ्यात कामासाठी नरडाण्याला गेलो होतो. कामं लवकर उरकली, गाडीला वेळ होता, म्हणून आबांकडे गेलो. पुतण्याच्या घराच्या ओट्यावर बाजेवर बसले होते. पार वाळले होते. अंगात सदरा होता, आणि डाव्या बाहीवर ठिगळ.

"कोण रे भाऊ?"

"मी. स्टोअरचा."

"आठरा!" ते म्हणाले आणि सरकून जागा केली.

पुतण्याच्या सुनेने चहा आणला. आबांनी बशीत ओतला. इकडचं तिकडचं झालं. मग गप्पा संपल्या. मला गप्प बसणं जमत नाही, म्हणून मी जुना विषय काढला. "आबा, मी इतकी वर्षं विचार केला. बोरसेचंच बरोबर होतं. पोरं चांगली होती, शिकवणं कमी पडलं."

मला वाटलं, उसळतील. सरकी म्हणतील. त्यांनी फक्त बशी खाली ठेवली. "आते काय ऱ्हायनं त्यामा."

समोरच्या अंगणात एक कोंबडी उकरत होती. आबा तिच्याकडे बघत राहिले.

"दिलीप जास आठेतून," ते म्हणाले. "सायकलवर. पाळीना टाईमले. पाय आजूनबी तसाच शेत." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "मास्तर काही बोलनात का? जावाना आधी? मन्हाबद्दल?"

मास्तर गिरणीनंतर मला भेटलेच नव्हते. आबांना ते ठाऊक नव्हतं. मी चहाचा शेवटचा घोट घेतला. स्टोअरमध्ये मी कधी बेल्ट मागणाऱ्याला बॉबिन दिलं नव्हतं.

"बोलले ना," मी म्हणालो. "बोदवडला गेलो होतो, तेव्हा भेटले. म्हणाले, आबांची ग्रेड कधीच चुकली नव्हती. आम्हाला वाचवायला ते तसं बोलले, हे मला मागाहून कळलं. भेटून सांगायचं राहून गेलं म्हणाले."

आबांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून, गाठीतून काढलेल्या रुईकडे बघत तसं. मग बाजेवरून कष्टाने खाली वाकले. मी मागे सरलो नाही. अंगठा पोटरीत रुतला. त्यात आता जोर नव्हता, पण जागा तीच. एकदा दाबला, एकदा वर सरकवला.

"आठरा," ते म्हणाले.

"अजून अठराच?"

"खोटं बोलाले बी धागा लांब लागस, भाऊ."

मी हसलो. तेही हसले. मग हसणं थांबलं. गाडीची वेळ होत आली होती आणि मला उठायला हवं होतं, पण वाकलेल्या आबांनी माझ्या पोटरीवरचा हात काढला नव्हता, म्हणून मी बसून राहिलो.